घरातल्या घरात पावणेपाच लाख भोकं पाडली, तेव्हा कुठे राजा हरिश्चंद्र पडद्यावर हलला

नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कंपनीत दिवसभर सीएनसी मशिनवर उभं राहिलेलं एखादं पोरगं घरी आल्यावर स्वतःचं छोटं सीएनसी बनवायला बसलं, तर कुणाला फारसं नवल वाटत नाही. लाकडावर नक्षी कोरणारं, टेबलावर मावणारं यंत्र. मोटर असते, दोन रॉड असतात, मधोमध लांब आट्यांचा स्क्रू असतो आणि त्या स्क्रूवर पुढेमागे सरकणारा एक नट असतो.

सगळं जुळून येतं आणि नट दगा देतो.

नट थोडासा जरी सैल असला तरी मशिन उलट दिशेला वळताना आधी नुसता स्क्रू फिरतो, नट जागचा हलत नाही. वर्कशॉपमध्ये याला प्ले म्हणतात. मग गोल कापायला घेतलेला जॉब बाजूला चपटा येतो. यावर हौशी लोकांनी एक जुगाड शोधलाय. ॲसिटाल नावाच्या कडक प्लास्टिकचे दोन ठोकळे घ्यायचे, त्याच स्क्रूचा एक तुकडा तापवायचा आणि दोन ठोकळ्यांमध्ये धरून व्हाइसमध्ये दाबायचा. प्लास्टिक मऊ होतं, आट्यांमध्ये घुसतं, थंड झालं की घरच्या घरी नट तयार. (कुणी करून बघणार असाल तर खिडक्या उघड्या ठेवा. ॲसिटाल जास्त तापलं की त्याची वाफ डोळ्यांना भयंकर झोंबते.)

यातली गंमत अशी की हा नट जगातल्या कुठल्याही प्रमाणित मापाचा नसतो. तो फक्त त्या एका स्क्रूच्या मापाचा असतो. तुमच्या स्क्रूत थोडा दोष असेल तर तोच दोष नटातही उतरतो आणि दोघांचं छान जमतं.

प्लास्टिकमध्ये एकसारख्या अंतराच्या खाचा पाडायच्या आणि ते प्लास्टिक धातूच्या दातांनी बिनचूक सरकवायचं, हा खेळ शंभर वर्षांपूर्वी नाशिक जिल्ह्यातल्याच एका माणसाने आपल्या घरात मांडला होता. त्याचं प्लास्टिक म्हणजे सेल्युलॉइड. त्याच्या खाचा म्हणजे फिल्मच्या दोन्ही कडांना असलेली भोकं. आणि माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके.

हो, तेच. दादासाहेब फाळके. ज्यांच्या नावाचा पुरस्कार दरवर्षी बातम्यांमध्ये येतो आणि ज्यांच्याबद्दल आपल्याला साधारण दोनच गोष्टी माहीत असतात. त्यांनी राजा हरिश्चंद्र काढला आणि तारामतीचं काम पुरुषाने केलं. आज जरा त्यांच्या यंत्रांकडे बघू.

त्र्यंबकेश्वरचा मुलगा आणि त्याचे दहा धंदे

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईत शिकवायची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आलं. धुंडिराज १८८५ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि तिथून पुढे बडोद्याच्या कलाभवनात. तिथे त्यांनी चित्रकलेसोबत फोटोग्राफी आणि छपाईची तंत्रं शिकून घेतली.

यानंतरची वीस वर्षं बघितली तर एखाद्याचा बायोडेटा बघून एचआरवाले हात जोडतील अशी आहेत. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगची साथ आली आणि त्यात पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेले. बडोद्याला परत येऊन पुन्हा फोटोचा धंदा सुरू केला, तर कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो अशी लोकांची समजूत आडवी आली. मग जादूचे प्रयोग शिकले आणि आपल्या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून प्रोफेसर केल्फा या नावाने ते प्रयोग केले. पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली, ती १९०६च्या सुमारास सोडली. लोणावळ्याला ब्लॉक बनवण्याचा आणि छपाईचा कारखाना काढला. तो पुढे दादरला आणून लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स असं नाव दिलं. १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीला जाऊन आले. प्रेस जोरात चालायला लागली आणि भागीदारांशी बिनसलं. फाळके बाहेर पडले.

हे सगळं वाचून माणूस धरसोड वाटतो. पण नीट बघा, प्रत्येक धंद्यातून काहीतरी उचललंय. फोटोग्राफीतून रसायनं आणि काच, जादूतून डोळ्याला फसवण्याची कला, ड्राफ्ट्समनच्या नोकरीतून मोजमाप, छपाईतून रजिस्टर. छपाईवाल्यांना रजिस्टर म्हणजे काय ते सांगायला नको. तीन रंगांचे तीन ठोकळे एकाच कागदावर एकावर एक छापताना केसभरही सरकता कामा नये. सरकले की लक्ष्मीच्या ओठांचा लाल रंग गालावर येतो. पुढे सिनेमात हीच सवय त्यांच्या कामी आली.

१९०२ साली त्यांचं दुसरं लग्न झालं होतं. मुलीचं माहेरचं नाव गिरिजा करंदीकर, सासरी सरस्वती. हे नाव लक्षात ठेवा.

मेणबत्ती, भिंग आणि गेलेली दृष्टी

१९११च्या सुमारास गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये फाळक्यांनी येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा एक सिनेमा पाहिला. पडद्यावर येशू हलतोय, तर राम आणि कृष्ण का हलू नयेत, हे त्यांच्या डोक्यात बसलं. इथपर्यंतची गोष्ट शाळेच्या पुस्तकातही असते.

त्यानंतरचे महिने मात्र फारसे कुणी सांगत नाही. हातात काम नव्हतं. फाळक्यांनी एक छोटा कॅमेरा आणि काही रिळं मिळवली. रात्री घरात मेणबत्ती लावायची, तिच्यापुढे भिंग धरायचं, फिल्म सरकवायची आणि भिंतीवर चित्र पाडायचं. दिवसा थिएटरमध्ये मिळेल तो सिनेमा बघायचा. झोप नाही, खाण्याकडे लक्ष नाही. यात डोळे गेले. अगदी दिसेनासं झालं. डॉक्टरी उपचारांनी दृष्टी परत आली, पण त्यानंतर वेगवेगळ्या कामांना वेगवेगळे चष्मे लागायचे.

चाळिशी ओलांडलेला, नोकरी नसलेला, डोळ्यांचा भरवसा नसलेला माणूस सिनेमा काढायचं म्हणत होता. नातेवाइकांनी वेड लागलं म्हणायला हरकत नव्हती.

त्यांनी आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि फेब्रुवारी १९१२मध्ये लंडनची बोट पकडली. तिथे बायस्कोप नावाच्या साप्ताहिकाच्या संपादकाला, केबर्न यांना, जाऊन भेटले. ओळखपाळख काही नव्हती. केबर्न यांनी आधी या धंद्यात न पडण्याचा सल्ला दिला, पण माणूस ऐकत नाही म्हटल्यावर सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे पाठवलं. हेपवर्थच्या स्टुडिओत फाळक्यांनी सगळी खाती फिरून पाहिली. पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेतला. कोडॅकची कोरी फिल्म, प्रिंट काढायचं यंत्र आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र यांची ऑर्डर दिली. लंडनमध्ये एकूण मुक्काम दोन आठवड्यांचा. एक एप्रिलला परत.

भोकं पाडायचं यंत्र कशाला?

आज मोबाईलवर रील बनवणाऱ्यांना हे सांगावं लागेल. त्या काळी कोरी फिल्म बऱ्याचदा बिनभोकाची यायची. नुसती ३५ मिलिमीटर रुंदीची गुळगुळीत पट्टी. कॅमेऱ्यात घालण्याआधी तिच्या दोन्ही कडांना स्वतः भोकं पाडायची.

कॅमेऱ्याची मूठ फिरवली की आतला आकडा भोकात शिरतो, फिल्म एका चित्राइतकी खाली ओढतो, बाहेर येतो, तेवढ्या वेळात चित्र टिपलं जातं, पुन्हा आकडा शिरतो. सेकंदाला साधारण सोळा वेळा. एका चित्राला प्रत्येक कडेला चार भोकं. दोन भोकांमधलं अंतर पावणेपाच मिलिमीटर. स्क्रूच्या भाषेत सांगायचं तर हा त्या फिल्मचा पिच.

आता हिशोब करा. एका फुटात सोळा चित्रं, म्हणजे एका कडेला ६४ भोकं, दोन्ही कडांना १२८. राजा हरिश्चंद्र सुमारे ३,७०० फुटांचा होता. ३,७०० गुणिले १२८ म्हणजे ४,७३,६००. ही फक्त शेवटी सिनेमात राहिलेल्या निगेटिव्हची भोकं. वाया गेलेली फिल्म धरली नाही. आणि पडद्यावर दाखवायला निगेटिव्हवरून जी पॉझिटिव्ह प्रत काढायची, तिलाही तितकीच.

बरं, नुसती भोकं पाडून भागत नाही. ती सारख्या अंतरावर हवीत. फिल्मवरचं चित्र जेमतेम २४ मिलिमीटर रुंद असतं. बारा फुटी पडद्यावर ते दीडशेपट होऊन पडतं. म्हणजे एखादं भोक दशांश मिलिमीटरने चुकलं, जाड कागदाच्या जाडीइतकं, तर पडद्यावर हरिश्चंद्राचं डोकं दीड सेंटिमीटर उडी मारणार. पुढच्या चित्रात परत खाली. सेकंदाला सोळा वेळा. बघणाऱ्याचं डोकं दुखलंच म्हणून समजा. शिवाय पंचाची पिन बोथट झाली तर भोकाच्या कडेला कुसळं राहतात. ती कॅमेऱ्यात सुटतात आणि फिल्मवर ओरखडे पाडतात.

हे काम दिवसाच्या उजेडात करता येत नाही, कारण फिल्मला उजेड लागला की ती संपली. त्या काळची फिल्म लाल रंगाला जवळपास आंधळी होती, म्हणून अंधाऱ्या खोलीत मंद लाल दिवा चालायचा. बस तेवढाच.

रात्रपाळीला सरस्वतीबाई

लंडनहून आल्यावर फाळक्यांनी दादरला मोठं घर घेतलं, मथुरा भवन. तो रस्ता आज दादासाहेब फाळके रोड म्हणून ओळखला जातो. आवारात काचेची खोली, अंधारी खोली अशी तयारी केली. मे १९१२मध्ये यंत्रांच्या पेट्या आल्या. आराखडे बघून फाळक्यांनी चार दिवसांत सगळं जोडून चालू केलं. शिकवायला कुणी मिस्त्री सोबत आला नव्हता.

मग घरच्यांची शाळा भरली. फिल्मला भोकं कशी पाडायची, ती कशी धुवायची, कशी वाळवायची, प्रत कशी काढायची हे फाळक्यांनी आधी स्वतः पक्कं केलं आणि मग बायकोला शिकवलं. भोकं पाडण्याचं काम सरस्वतीबाईंकडे आलं. दिवसभर घर, मुलं, आणि चित्रीकरण सुरू झाल्यावर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. रात्री सगळे झोपले की अंधाऱ्या खोलीत ते यंत्र. वर काढलेली पावणेपाच लाखांची संख्या पुन्हा एकदा वाचा आणि ती मनात त्या लाल दिव्याखाली ठेवून बघा. बाईंनी दागिनेही दिले. पडद्यावर नाव आलं नाही.

मला विचाराल तर भारतीय सिनेमाच्या पहिल्या तंत्रज्ञांमध्ये सरस्वतीबाई फाळक्यांचं नाव अगदी वर घ्यायला हवं. अलीकडे काही जण ते घेतात, पण पाठ्यपुस्तकात अजून तारामतीच्या मिशांचीच गोष्ट असते.

इथे सुरुवातीच्या त्या प्लास्टिकच्या नटाची आठवण येते. फाळक्यांकडे जमेची एक बाजू होती. भोकं पाडणारं यंत्र त्यांचं, कॅमेरा त्यांचा, प्रत काढायचं यंत्रही त्यांचंच. प्रत काढताना निगेटिव्ह आणि कोरी पॉझिटिव्ह एकमेकींना चिकटून एकाच दात्यांवरून जातात. दोघींचा पिच वेगळा असेल तर एक पट्टी दुसरीवर घसरते आणि चित्र पुसट येतं. पण दोन्ही पट्ट्यांना एकाच यंत्राने भोकं पाडली असतील तर यंत्राचा जो काही बारीक दोष असेल तो दोघींतही सारखाच उतरणार. स्वतःच्या स्क्रूवर दाबून काढलेल्या नटासारखं. सगळं एकाच छपराखाली करण्याचा हट्ट खर्चिक होता, तरी तो नुसता हट्ट नव्हता.

लोकांकडून पैसे काढायला आधी काहीतरी दाखवणं भाग होतं. फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचं बी लावलं, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून जास्त दिवस थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र टिपलं. ते सलग चालवलं तर बी फुटून वेल वर चढताना मिनिटाभरात दिसायचा. नाव, अंकुराची वाढ. आपण आज ज्याला टाइमलॅप्स म्हणतो ते हेच. एकेक चित्र असं दिवसांच्या अंतराने घेताना फिल्म दरवेळी नेमकी तेवढीच सरकायला हवी, नाहीतर रोप वाढायच्या ऐवजी नाचायला लागलं असतं. ते नीट वाढलं. बघणाऱ्यांनी कर्ज दिलं.

बाकीची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, म्हणून झरझर. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके. बाईचं काम करायला कुणी बाई तयार होईना, म्हणून हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. रोहिदासाच्या कामाला घरचाच मुलगा भालचंद्र. कॅमेऱ्यामागे फाळक्यांनी शिकवून तयार केलेले त्र्यंबक तेलंग. सहा महिने आणि सत्तावीस दिवसांनी काम संपलं. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिम्पिया थिएटरात निवडक लोकांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी कोरोनेशनमध्ये सर्वांसाठी.

कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच सांगून टाकू. दादासाहेब तोरणे यांचा श्री पुंडलिक एक वर्ष आधी, मे १९१२मध्ये, त्याच कोरोनेशनमध्ये लागला होता. तो नाटकाचं चित्रीकरण होता, कॅमेरामन परदेशी होता आणि फिल्म धुवायला लंडनला गेली होती. पहिला कोण हा वाद ज्यांना घालायचा आहे त्यांनी घालावा. आपल्या आजच्या विषयात फरक एवढाच की फाळक्यांच्या फिल्मचं प्रत्येक भोक दादरच्या घरात पडलं होतं.

गोदाकाठी कारखाना

राजा हरिश्चंद्र चालला आणि त्याच वर्षी फाळके सगळं बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले. मुंबईत जागा महाग. इथे घाट, देवळं, डोंगर, नदी सगळं हाताशी, पौराणिक सिनेमाला सेट उभारायची गरजच नाही. स्वतःचा मुलूख तर होताच. आणखी एक गोष्ट कामाची. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो. पाणी कोमट झालं की तो मऊ पडतो, सुटायला लागतो. मुंबईच्या दमट उकाड्यापेक्षा नाशिकची हवा या कामाला नक्कीच बरी.

नाशिकला आल्यावर मोहिनी भस्मासुर झाला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघींनी काम केलं, म्हणजे बायकांची अडचण सुटली. मग सत्यवान सावित्री. १९१४ साली फाळके आपले सिनेमे घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथल्या लोकांना ते आवडले, तिथेच राहून सिनेमे काढायची बोलणीही झाली. फाळक्यांनी नकार दिला. नाशिकच्या कारखान्यातल्या माणसांचं काय, हा प्रश्न होता. त्याऐवजी कर्जावर नवीन यंत्रं मागवली आणि परत आले.

आणि महायुद्ध सुरू झालं.

कोरी फिल्म परदेशातून येणार, रसायनं परदेशातून येणार, यंत्रं परदेशातून येणार. इकडे पैसे लावणाऱ्यांनी हात आखडता घेतला. घरात भोकं पाडता येत होती, पण ज्या पट्टीला पाडायची ती पट्टी बनवणं भारतात कुणालाच येत नव्हतं. फाळक्यांची आत्मनिर्भरता तिथे येऊन थांबायची. पुढची तीन वर्षं ओढाताणीची गेली.

१९१७ साली लंकादहन आला आणि सगळं भरून निघालं. राम आणि सीता ही दोन्ही कामं एकट्या अण्णा साळुंक्यांनी केली होती. गर्दी इतकी की तिकिटांची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली असं सांगतात. जळणारी लंका आणि उडणारा हनुमान बघायला लोक लांबून यायचे.

ही करामत कशी व्हायची हे समजून घेण्यासारखं आहे, कारण इथे पुन्हा भोकांशीच गाठ पडते. डबल एक्स्पोजर करायचं तर आधी एक दृश्य घ्यायचं, अर्धी चौकट काळ्या कागदाने झाकून. मग फिल्म उलटी फिरवून सुरुवातीला आणायची आणि झाकलेल्या जागी दुसरं दृश्य घ्यायचं. दोन्ही वेळा फिल्म नेमकी त्याच जागी थांबली तरच दोन चित्रं एकजीव दिसतात. भोकात प्ले असेल तर एक चित्र थरथरतं, दुसरं स्थिर राहतं आणि लबाडी उघडी पडते. १९१८च्या श्रीकृष्णजन्ममध्ये कंसाचं मुंडकं धडावेगळं होऊन तरंगतं. एकाही कॉम्प्युटरशिवाय. त्यामागे जादूगार केल्फा होता हे सगळे सांगतात. छपाईवाले फाळके होते हे फारसं कुणी सांगत नाही. तीन रंगांच्या ठोकळ्यांचं रजिस्टर जुळवणाऱ्या माणसाला दोन चित्रांचं रजिस्टर जुळवणं परकं नव्हतं.

याच काळात त्यांनी एक छोटा माहितीपट काढला, चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारा. त्याचे काही तुकडे शिल्लक आहेत. त्यात फाळके स्वतः दिसतात, नटांना सूचना देताना, फिल्म हातात धरून काम करताना. आजच्या भाषेत बिहाइंड द सीन्स. धंद्याचं गुपित लपवायचं सोडून ते लोकांना दाखवत सुटले होते. नवयुग मासिकातही त्यांनी याच सुमारास आपल्या सिनेमाच्या धडपडीवर लेख लिहिले.

यंत्रं राहिली, घर राहिलं नाही

१ जानेवारी १९१८ रोजी हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. मुंबईचे पैसेवाले भागीदार, नाशिकला स्टुडिओ, फाळके प्रमुख. १९१९चा कालियामर्दन याच कंपनीचा. त्यात त्यांची लहान मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली आणि तो सिनेमा आजही बघायला मिळतो.

पण ज्या माणसाला अंधाऱ्या खोलीपासून पडद्यापर्यंत सगळं आपल्या हाताखाली लागतं, त्याचं भागीदारांशी किती दिवस पटणार? खर्चाचा हिशोब, वेळापत्रक, कुणाला किती पगार, सगळ्यावरून खटके उडाले. लक्ष्मी प्रेसमध्ये झालं तेच पुन्हा. फाळके चिडून कंपनी सोडून कुटुंबासह काशीला निघून गेले. तिथे रंगभूमी नावाचं नाटक लिहिलं. ते रंगमंचावर आणलं, पण म्हणावं तसं चाललं नाही. १९२२मध्ये मनधरणी झाली आणि ते नाशिकला परत आले. पुढे पुष्कळ सिनेमे केले. मालक म्हणून आणि पगारी माणूस म्हणून काम करण्यात जो फरक असतो तो मात्र त्यांना शेवटपर्यंत झेपला नाही, असं माझं मत.

शिवाय घरात बसून करण्यासारखं आता काही उरत नव्हतं. फिल्म कारखान्यातूनच भोकं पाडून यायला लागली होती, जगभर एकाच मापाची. ते चांगलंच झालं, कुठल्याही देशातली रिळं कुठल्याही प्रोजेक्टरवर चालू लागली. सरस्वतीबाईंची रात्रपाळी संपली.

१४ मार्च १९३१ला आलम आरा आला आणि सिनेमा बोलायला लागला. आवाजासाठी लागणारी यंत्रं घरी जोडण्यासारखी नव्हती. फाळके तेव्हा सेतुबंधनमध्ये अडकले होते. तो १९३२ साली मूकपट म्हणून पुरा झाला आणि नंतर त्याला आवाज चिकटवावा लागला. १९३७मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी गंगावतरण केला. हा त्यांचा पहिला आणि शेवटचा खराखुरा बोलपट. वय ६७. त्यानंतर काम मिळालं नाही.

शेवटची वर्षं नाशिकमध्ये गेली, पैशाच्या तंगीत. ज्या धंद्यात तोवर लाखोंची उलाढाल व्हायला लागली होती, त्या धंद्यातून त्यांच्या हाताशी फार काही उरलं नव्हतं. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं.

राजा हरिश्चंद्रची मूळ प्रत आज नाही. नायट्रेटची फिल्म म्हणजे जवळजवळ स्फोटकच. उन्हात तापली तरी पेट घेते. ती नष्ट झाल्यावर फाळक्यांनी १९१७ साली तोच सिनेमा छोटा करून पुन्हा काढला होता.

केंद्र सरकारने १९६९ साली त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला, पहिला देविका राणींना मिळाला. नाशिकला पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. आणि ३० एप्रिल १९७१ रोजी त्यांच्यावर वीस पैशांचं टपाल तिकीट निघालं. देशातली टपाल तिकिटं तेव्हा नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जायची. म्हणजे फाळक्यांच्या चेहऱ्याच्या चारही कडांना बारीक, एकसारख्या अंतरावरची भोकं पाडली गेली तीही नाशिकलाच.